संस्कृती-अभ्यासातली प्राध्यापकी : ठाणे-नवी मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बीएचे निकाल लागले की दरवर्षी काही मुलं-मुली विचारायला येतात, "मॅडम, कल्चरल स्टडीजमध्ये पुढे जायचंय, फॉर्म कुठे भरायचा?" मी ठाण्यात राहते, नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि माझी पीएचडी याच क्षेत्रातली आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. संस्कृती-अभ्यास, म्हणजे कल्चरल स्टडीज, नावाचा विषय नेट परीक्षेच्या (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या केंद्राच्या पात्रता परीक्षेच्या) यादीत नाही, आणि महाविद्यालयांच्या भरतीच्या जाहिरातींत या नावाची जागा जवळपास नसतेच. म्हणजे काम संस्कृती-अभ्यासाचं करायचं, पण पात्रता मिळवायची दुसऱ्या कुठल्यातरी विषयात. ही एक गोष्ट सुरुवातीलाच नीट समजली तर पुढची बरीच वर्षं वाचतात. बहुतेकांना ती एमए झाल्यावर कळते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. मूळ विषय आधी ठरवा

हे क्षेत्र जन्मापासूनच असं आहे. १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू केलं. हॉगार्ट साहित्याचे होते. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते केंद्र नावारूपाला आणलं आणि वर्ग, वंश, प्रसारमाध्यमं यांचा अभ्यास तिथे एकत्र झाला. त्यातून तयार झालेला विभाग २००२ साली विद्यापीठाने बंद केला, पण तोवर हे काम जगभरच्या इंग्रजी, समाजशास्त्र, इतिहास, माध्यमं अशा विभागांत पसरलं होतं.

आपल्याकडेही तेच चित्र दिसतं. इरावती कर्वे मानवशास्त्र आणि समाजशास्त्रातून आल्या, रा. चिं. ढेरे मराठी साहित्य आणि लोकधर्माच्या अभ्यासातून, आणि लावणी-तमाशातल्या स्त्रियांकडे जात आणि श्रम यांच्या नजरेने पाहणाऱ्या शर्मिला रेगे समाजशास्त्रातून. प्रत्येकाचं पाऊल एका विषयात घट्ट रोवलेलं होतं.

तुमच्यापुढे साधारण चार वाटा आहेत. पहिली इंग्रजी. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात 'कल्चरल स्टडीज' हा स्वतंत्र घटकच आहे आणि महाविद्यालयांत इंग्रजीच्या जागाही तुलनेने जास्त निघतात. दुसरी समाजशास्त्र. क्षेत्रकाम करायचं असेल, लोकांत जाऊन बसायचं असेल, तर ही वाट सगळ्यात भक्कम. तिसरी मराठी. लोकसाहित्य, नाटक, नियतकालिकं, ग्रामीण आणि दलित साहित्य यांत रस असेल तर बिनधास्त मराठी घ्या. मराठी घेतलं की 'थिअरी' सुटते असा एक गैरसमज आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. चौथी वाट जनसंज्ञापन आणि पत्रकारितेची. सिनेमा, टीव्ही, मोबाइलवरची संस्कृती यांसाठी ती योग्य आहे, आणि स्वयं-अर्थसाहाय्यित अभ्यासक्रमांत या विषयाला मागणीही असते. पण तिथल्या बऱ्याच जागा कायम नसतात, हे माहीत असू द्या.

इथला नेहमीचा सापळा असा. बीए एका विषयात, एमए दुसऱ्यात, नेट तिसऱ्यात आणि पीएचडी चौथ्यात. संशोधक म्हणून तुम्ही समृद्ध होता, यात शंका नाही. पण भरतीच्या छाननीत टेबलापलीकडचा माणूस जाहिरातीतल्या विषयाचं नाव तुमच्या एमएच्या गुणपत्रिकेवर शोधत असतो. एमए आणि नेट किंवा सेट (तशीच राज्यपातळीवरची परीक्षा) एकाच विषयात ठेवा. पीएचडीचा विषय कितीही आंतरशाखीय असला तरी नोंदणी शक्यतो त्याच विभागात करा.

२. एमए कुठे करायचं

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 'मीडिया अँड कल्चरल स्टडीज' असं एमए आहे. प्रवेश सध्या सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. पनवेल, बेलापूर, वाशीकडच्या मुलांना हार्बर लाइनवर गोवंडीला उतरायचं. ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. कॅमेरा हातात घेऊन माहितीपट करण्याचं शिक्षण हवं असेल तर ही जागा उत्तम. मात्र या पदवीवर नेट बहुधा जनसंज्ञापनात द्यावी लागेल हे गृहीत धरा.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात इंग्रजी, मराठी, समाजशास्त्र हे विभाग एकाच आवारात आहेत. समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. एका विभागात नाव घालून दुसऱ्या विभागातली व्याख्यानं ऐकता येतात, हा कलिनाचा खरा फायदा. तो घ्याच. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठही आहे. जुहूच्या संकुलातलं त्यांचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून काम करतं आहे आणि तिथलं ग्रंथालय या क्षेत्रासाठी मोलाचं आहे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र, इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या दूरस्थ एमएवर नेट देता येते. फक्त त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या यादीत स्वतः पाहा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात आणि आसाममधल्या तेजपूर विद्यापीठात संस्कृती-अभ्यासाचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे जरूर शिका, पण पहिल्या मुद्द्यात सांगितलेला नेटचा प्रश्न तिथूनही सुटत नाही, हे लक्षात ठेवून जा.

एमएला किमान ५५ टक्के हवेतच. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के. ५४.८ हे ५५ धरले जातील, या आशेवर राहू नका.

३. कागदपत्रांची फाइल एमएच्या पहिल्या वर्षीच लावा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. लागतं ते असं :

- दहावी, बारावी, बीए, एमए यांच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं. तात्पुरतं प्रमाणपत्र कायम चालत नाही, मूळ पदवी काढून घ्या.
- क्रेडिटचं गुणांत रूपांतर दाखवणारं विद्यापीठाचं पत्र किंवा सूत्र. सीजीपीए असेल तर ते हमखास मागतात.
- विद्यापीठ बदललं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र.
- आधार, अधिवासाचा दाखला, एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक).
- आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर.
- नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. मुलींनो, लग्नानंतर आधारवर एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरं, असं ठेवू नका. नाव बदलायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण जे असेल ते सगळीकडे एकच असू द्या.
- नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना हरकत पत्र. अर्धवेळ पीएचडीसाठी त्यात अभ्यासाला वेळ देण्याची आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं करण्याची स्पष्ट तयारी लिहिलेली हवी.

ओबीसी उमेदवारांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. नेट ही केंद्राची परीक्षा आहे, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्यातल्या विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांना केंद्रात तसा वेगळा प्रवर्ग नाही. त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत येतात, म्हणून यादी उघडून आपलं नाव शोधा. सेतू केंद्रात अर्ज करताना "केंद्र शासनाच्या नमुन्यात हवं" असं तोंडाने सांगा आणि पावती हातात पडली की त्यावर काय छापलंय ते तिथेच वाचा. निकाल लागल्यावर धावपळ करणारी मुलं मी पाहिली आहेत. तहसील कार्यालयातल्या रांगेला त्यांच्या शेवटच्या तारखेशी काही देणंघेणं नसतं.

४. नेट आणि सेट, दोन्ही द्या

नेट साधारणपणे वर्षातून दोनदा होते. एकाच बैठकीत तीन तासांत दोन पेपर. पहिला सर्वांना समान, ५० प्रश्न १०० गुणांचे. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न २०० गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीसह) सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रता व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, आणि त्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. सहायक प्राध्यापक पात्रता मात्र कायमची. जेआरएफसाठी वय ३० च्या आत हवं. महिला, आरक्षित प्रवर्ग आणि दिव्यांग यांना पाच वर्षांची सवलत आहे. सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही, त्यामुळे मुलं मोठी झाल्यावर परत शिकायला लागलेल्या बायकांनी आपल्याला उशीर झाला असं मुळीच समजू नये.

सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी चालते. सेट कमी दर्जाची असं म्हणणारे भेटतील. इथल्या महाविद्यालयात नोकरी करायची असेल तर सेट आणि नेट दोन्ही पात्रता सारख्याच. मी स्वतः सेटवर लागले.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्या पेपरला हलक्यात घेऊ नका. साहित्याची मुलं आकडेमोड, तक्ते आणि तर्काच्या प्रश्नांवर मागे पडतात आणि दुसऱ्या पेपरात मिळवलेले गुण तिथे घालवतात. मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. बैठक आणि वेग त्यानेच येतो.

५. संशोधनाचा विषय बारीक करा

इथे थोडी थांबते, कारण पीएचडीची मुलाखत इथेच जिंकली किंवा हरली जाते.

नव्या मुलांच्या सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, हमखास दिसणारं शीर्षक म्हणजे 'आगरी-कोळी संस्कृती : एक अभ्यास'. हा विषय झाला नाही, हे एक आख्खं ग्रंथालय झालं. यावर समिती पहिला प्रश्न विचारते, "नेमकं काय शोधताय?" आणि मुलं गप्प बसतात.

आता हेच बारीक करू. नवी मुंबईतल्या मूळ गावांत, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सारसोळे, लग्नात धवला गाणाऱ्या धवलारणी असत. लग्नाचे विधी त्या गाण्यांबरोबर चालत. आज त्याच गावांत हळदीची रात्र डीजेवर जाते. मग प्रश्न उभा राहतो : विधी चालवणारी बाई बाजूला जाऊन ध्वनियंत्रणा मध्यभागी कशी आली? हा बदल केवळ आवडीनिवडीचा आहे का? १९७० साली नवी मुंबई वसवणारं सिडको महामंडळ आलं, शेतं आणि मिठागरं गेली, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचा बळी गेला, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जमिनीचा पैसा घरात आला, शेतीचं वर्षभराचं चक्र गेलं. हळदीचा मांडव या सगळ्याच्या मधोमध उभा आहे. आता शीर्षक असं होऊ शकतं : 'नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त गावांमधील लग्नविधी, धवलारीण आणि भूसंपादनानंतरचे बदल'. गावं दोन घ्या, काळ ठरवा, कोणाशी बोलणार ते ठरवा. हा झाला विषय.

एका विद्यार्थिनीचं काम जवळून पाहिलं. ती कोपरखैरणे गावातल्या एका आजींकडे धवले ध्वनिमुद्रित करायला गेली. आजींनी चहा दिला, नातवाच्या लग्नाचे फोटो दाखवले, पण गायला ठाम नकार दिला. घरात लग्न नसताना धवला कशाला म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी हिरमुसून परत आली. मी तिला म्हटलं, हा नकार वहीत लिही, तारीख आणि वेळ घालून, त्या जे म्हणाल्या ते शब्दाला शब्द. गाणं कधी गायचं आणि कधी नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईकडे आहे, आणि मोबाइलमध्ये पकडून ठेवलेलं गाणं तो अधिकार काढून घेतं, या मुद्द्यावर पुढे तिचं एक संपूर्ण प्रकरण उभं राहिलं. लग्नसराईत ती पुन्हा गेली, तेव्हा आजींनी तिला स्वतः मांडवात बोलावून शेजारी बसवलं.

आपल्या भागात असे विषय पावलोपावली आहेत. लोकलच्या डब्यातली भजनी मंडळं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर लोटणारी तरुण गर्दी. वाशीच्या बाजार समितीतले माथाडी आणि त्यांच्या गावाकडच्या यात्रा. गडकरी रंगायतनचा प्रेक्षक. चेंदणी कोळीवाडा. यांतल्या कुठल्याही विषयाला "हे सांस्कृतिक वैभव आहे" असं म्हणून सुरुवात केलीत तर काम तिथेच संपतं. यात कोणाला जागा आहे, कोणाला नाही, पैसा कुठून येतो, बाई कुठे उभी आहे, जात कुठे बोलते आणि कुठे मुद्दाम गप्प बसते, हे विचारायला लागलात की संस्कृती-अभ्यास सुरू होतो.

६. गाईड, पेट आणि नोंदणी

मुंबई विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा म्हणजे पेट. नेट किंवा सेट झालेल्यांना साधारणपणे तिच्यातून सूट मिळते, तरी त्या वर्षीचं परिपत्रक वाचाच.

गाईड शोधताना आधी माणसाचं काम वाचा. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात. तुमच्या आवडीच्या गाईडकडे याआधी कोणी काय केलंय, किती वर्षांत केलंय, ते तिथे दिसतं. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. "जागा आहे का?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. विषय दोन शाखांत पसरलेला असेल तर दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेण्याची सोय २०२२ च्या यूजीसी नियमांत आहे.

त्याच नियमांनुसार मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीसह आठपर्यंत. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही रजा तुमचा हक्क आहे, मागून घ्या. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात ५५ टक्के हवेत. एमफिल २०२२ च्या नियमांनी बंद झालं आहे. अजूनही कोणी एमफिलला प्रवेश देतो म्हणत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

गाईडविषयी मनातली एक गोष्ट सांगते. मोठ्या नावापेक्षा मसुदा वाचून परत देणारा माणूस निवडा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, "प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचं?" आणि कोणी गाईड घरची कामं सांगत असेल, पैसे मागत असेल किंवा तुमच्या लेखावर स्वतःचं नाव आधी घालत असेल, तर विभागप्रमुखांकडे लेखी जा. मुलींना त्रास होत असेल तर प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, कायदाच तसा आहे.

७. पैशांची सोय

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. नाही मिळाली तरी दारं बंद होत नाहीत. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. एकुलती एक मुलगी असाल तर सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती पाहा. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर ही केंद्राची संशोधन परिषद आहे. बहुतेक ठिकाणी आधी पीएचडीची पक्की नोंदणी लागते, म्हणून नोंदणीचं पत्र मिळालं त्याच आठवड्यात या सगळ्यांच्या तारखा लिहून ठेवा. रक्कम दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून घरभाड्याचा करार करू नका. थकबाकी एकदम येते, आणि मधले महिने काढावे लागतात.

८. वाचन आणि क्षेत्रकाम

ठाणेकरांच्या हाताशी मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं. जुनी नियतकालिकं आणि दुर्मीळ पुस्तकं यांसाठी आधी तिथे जा. नंतर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, कलिनाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, फोर्टमधली एशियाटिक सोसायटी. सरकारी दप्तर बघायचं असेल तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे ओळखपत्र आणि गाईडचं पत्र घेऊन जा. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर प्रत्येकाने चाळावं. गावं, जाती, मासेमारी, मिठागरं यांची अफाट माहिती त्यात आहे, पण ती कर गोळा करणाऱ्या राज्यकर्त्याच्या नजरेतून लिहिलेली आहे, हे वाचताना विसरू नका.

क्षेत्रकामाला लागणाऱ्या गोष्टी थोड्याच : वही, ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल, जास्तीची बॅटरी, मराठीत लिहिलेलं संमतीपत्र. संमतीपत्र सोप्या भाषेत हवं, आणि वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवून त्यांची तोंडी संमती ध्वनिमुद्रित करा. गावात शिरताना आधी गावकीच्या जाणत्यांना भेटा, मात्र त्यांच्यापाशी थांबू नका. ते सगळे बहुधा पुरुष असतात. ओटीवरून आत माजघरात जाण्याची वेळ येईपर्यंत येत-जात राहा. त्याच संध्याकाळी नोंदी लिहून काढा. वाशी ते ठाणे गाडीत बसायला जागा मिळाली की मी तेवढ्यात अर्ध्या नोंदी संपवायचे. आणि काम झाल्यावर लिहिलेलं त्या लोकांना परत नेऊन दाखवा.

सगळं लेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर उघडतानाच बिघडतो, आणि सादरीकरणाच्या तोंडावर शेकडो पानं दुरुस्त करत बसावी लागतात. संदर्भांच्या नोंदी ठेवण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते पहिल्या वर्षीच शिकून घ्या. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्याच्या वर गेलं की प्रबंध दुरुस्तीला परत येतो आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होऊ शकते.

९. लेख कुठे छापायचे

२०२२ च्या नियमांनी पीएचडीपूर्वी लेख छापण्याची देशव्यापी सक्ती काढली, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, आणि नोकरीच्या छाननीत लेखांचे गुण मोजले जातातच. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे चांगलं नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आली आहे.

व्हॉट्सॲपवर "दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह" असे संदेश येतील. त्यांना पैसे देऊ नका. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे, तो कोणत्याही नियतकालिकाला मिळू शकतो. संपादक मंडळातली माणसं खरंच तिथे आहेत का ते तपासा, मागचे दोन अंक वाचा, आणि तुमचा लेख कोण वाचणार ते विचारा. मराठीत 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन' यांसारख्या नियतकालिकांची परंपरा आहे. त्यांचे जुने अंक आधी वाचा. इंग्रजीत लिहिलं तरच ते संशोधन, हे मला मान्य नाही. ज्या गावावर लिहिलं त्या गावाला वाचता येईल असा एक तरी लेख प्रत्येकाने मराठीत लिहावा.

१०. तासिका तत्त्व, मुलाखत आणि मान्यता

सहायक प्राध्यापकासाठी एमए आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता. जुलै २०२३ पासून या पदाला पीएचडी सक्तीची नाही. कायम पदाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. पण कायम पदं क्वचित निघतात, आणि बहुतेकांची सुरुवात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. घेतलेल्या तासांचेच पैसे, ते उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. वर्षानुवर्षं असं राबणाऱ्या नेट-सेटधारकांवर हा सरळ अन्याय आहे आणि तसं मोठ्याने म्हटलं पाहिजे. तुम्ही हे काम स्वीकारलंत तर मुदत मनाशी ठरवून स्वीकारा, आणि पीएचडीचे दिवस त्यात घालवू नका.

जाहिरात वाचताना तीन गोष्टी बघा : पद अनुदानित की विनाअनुदानित, रोस्टरनुसार (आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार) कोणत्या प्रवर्गासाठी, आणि अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाकडे पाठवायला सांगितली आहे का. ती प्रत राहिली म्हणून चांगले उमेदवार बाद होतात.

मुलाखतीत हमखास प्रश्न येतो, "तुमचं संशोधन हळदीच्या गाण्यांवर, आमच्याकडे तर इंग्रजी शिकवायचंय, मग कसं?" याची तयारी आधीच करून जा. त्या महाविद्यालयाचा चालू अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून छापून घ्या, त्यातले कोणते पेपर तुम्ही पहिल्या दिवसापासून शिकवू शकता त्यांवर खूण करा, आणि कागद समितीपुढे ठेवा. लोकगीत शिकलेला माणूस कविता जास्त चांगली शिकवतो, हे मग त्यांना उदाहरणाने सांगता येतं. मूळ कागदपत्रांचा एक संच आणि स्वसाक्षांकित प्रतींचे दोन संच, जाहिरातीतल्या क्रमानेच लावलेले, बरोबर ठेवा.

निवड झाली, अगदी तासिका तत्त्वावर का होईना, तरी तुमच्या नियुक्तीला विद्यापीठाची मान्यता मिळाली का याचा पाठपुरावा करा. मान्यतेच्या पत्राशिवाय शिकवलेली वर्षं पुढे अनुभव म्हणून मोजली न जाण्याची भीती असते. महाविद्यालयाच्या कार्यालयाने प्रस्ताव पाठवला असेल तर त्याचा जावक क्रमांक मागून घ्या, आणि मान्यतेचं पत्र आलं की दर वर्षीची प्रत त्याच फाइलमध्ये नियुक्तिपत्राच्या मागे लावा.